आडनावाच्या अलीकडची शांतता

रेकॉर्ड केलेला सातवा कॉल सुरू झाला आणि ज्ञानदीपने तोंडापर्यंत नेलेला पोह्यांचा चमचा परत प्लेटमध्ये ठेवला. "जी, नमस्कार. घर देखना था. ग्राउंड फ्लोर हो, नहीं तो लिफ्ट हो." घरं दाखवणाऱ्या साइटच्या फोनवर बसणाऱ्या रुचीने तिच्या नेहमीच्या गोड आवाजात नाव विचारलं. "बाबूराव," पलीकडचा म्हातारा म्हणाला, आणि थांबला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ सपाट झाली, सपाटच राहिली, आणि मग एकदम उठली. "पेंडसे. बाबूराव पेंडसे." बाबूराव बरोबर होतं, पेंडसे बरोबर नव्हतं. तो आवाज त्याच्या जन्मापासूनच्या ओळखीचा होता आणि त्या आवाजाचं आडनाव खोब्रागडे होतं. त्याच्या स्वतःच्या गळ्यातल्या कार्डावरसुद्धा तेच छापलेलं होतं. ते त्याचे बाबा होते.

त्याने कॉल मागे घेऊन पुन्हा ऐकला. मग तिसऱ्यांदा ऐकला. माणसाचं मन मोठं लबाड, नको ते ऐकलं की आधी कानालाच खोटं पाडतं. असेल दुसरा कुणी बाबूराव, महूला काय एकच बाबूराव आहे? पण चौथ्यांदा ऐकताना त्याला मागचं ऐकू आलं. मागे, रेघेवर उमटणारही नाही इतक्या लांब, आई खलबत्त्यात काहीतरी कुटत होती, लसूण असेल नाहीतर वेलदोडे. ठक, ठक, ठक. बाबांनी बाबूराव म्हटलं तेव्हा ठक ठक चालूच होती. मधल्या शांततेतही होती. पेंडसे म्हटल्याबरोबर ती थांबली आणि कॉल संपेपर्यंत पुन्हा वाजली नाही. बाबा पुढे बरंच बोलले. बायकोचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, महूहून येण्याजाण्यात तिचा जीव अर्धा होतो, हॉस्पिटलजवळ कुठं मिळालं तर बरं, घर विकत घ्यायचंय, भाड्याने नको. रुचीने त्यांना हॉस्पिटलच्या मागच्या सोसायटीतला तळमजल्याचा फ्लॅट सुचवला आणि बुधवारी सकाळी अकराची भेट लिहून घेतली. "बहुत मेहरबानी, बेटा," बाबा म्हणाले. एवढं सगळं होईपर्यंत आईने हात हलवला नव्हता. ज्ञानदीपने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि घड्याळ पाहिलं. दहाला वीस मिनिटं होती.

दहा वाजता सोमवारचं ऐकणं असायचं. ही पद्धत त्यानेच पाडलेली. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका बंद पडलेल्या कारखान्याची शेड कंपनीच्या मालकाने, विक्रमने, ऑफिससाठी घेतली होती. जमिनीत जुन्या मशिनांचे बोल्ट अजून तसेच होते आणि नवा माणूस हमखास त्यांना ठेचकाळायचा. त्या शेडमध्ये दर सोमवारी पोहे-जलेबी यायची आणि आठवड्यातले दहा कॉल सगळ्यांसमोर मोठ्याने लावले जायचे. कोणते दहा, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं मशीन ठरवायचं. ज्ञानदीपने फक्त आधी एकदा ऐकून घ्यायचं. एकही कॉल गाळायचा नाही, त्यानेसुद्धा नाही, हा नियमही त्याचाच. कारण सुरुवातीला पोरं अवघड कॉल गुपचूप गाळायची आणि सगळ्या ग्राहकांना बाल्कनी आणि वास्तू याखेरीज काही नको असतं असं कागदावर यायचं. प्रत्येक कॉलमध्ये माणूस कुठे अडखळला ते शोधायचं, आणि कशासाठी अडखळला त्याचा शिक्का मारायचा: वय, कुटुंब, पैसा, नाव. 'नाव'चा शिक्का बसला की ठरलेली भेट आपोआप 'नंतर कळवू'मध्ये जायची, आणि ते नंतर कधी उगवायचं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

दोन वर्षांपूर्वी तो इथे आला तेव्हा साइट इतर साइटींसारखीच होती. किती खोल्या, कोणता एरिया, गाडी कुठे लावायची. लोक तासन्‌तास बघायचे आणि शेवटी दलालाकडे जायचे. विक्रम वैतागला होता. लोकांना नेमकं हवंय तरी काय, ते शोध, म्हणाला. ज्ञानदीपने फॉर्म भरून घेतले नाहीत, जुने कॉल ऐकले. चारशे कॉल. बाकीच्यांना ऐकू न आलेलं त्याला पहिल्या दिवशीच ऐकू आलं. सगळं विचारून झालं, फोन ठेवायची वेळ आली, की माणूस म्हणायचा, "और... पड़ोस वगैरह कैसा है?" त्या 'और'च्या पुढची शांतता हाच खरा प्रश्न होता. आणि नाव सांगताना दुसऱ्याच कुणाचातरी श्वास अडायचा, ती शांतता म्हणजे त्या प्रश्नाला भ्यालेलं उत्तर होतं. दोन्ही शांतता त्याच्या चांगल्या ओळखीच्या. अहवालात त्याने लिहिलं की घर शोधणाऱ्याला घर हवंच असतं, पण त्याहून जास्त त्याला नकार नको असतो. जिथून नकार येणार ते घर त्याला दाखवूच नका. विक्रमने टेबलावर हात आपटला. "भिया, ये है असली बात!" पुढच्या आठवड्यात शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: ना कोई सुनना नहीं चाहता. जात कुणी विचारली नाही, कुणी लिहिली नाही. कोणत्या नावाला कोणत्या दारातून नकार आला ते मशीन मुकाट्याने पाहत राहिलं आणि शहाणं होत गेलं. धंदा दुप्पट झाला. ज्ञानदीपला वेगळं केबिन मिळालं, काचेचं.

ते वाक्य लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर कुणी ग्राहक नव्हता, बडा गणपतीजवळचा एक जिना होता. कॉलेज संपवून पहिली नोकरी लागली तेव्हा खोली बघायला तो आणि बाबा गेले होते. मराठी माणसाचं घर, म्हणून बाबा खुशीत होते. वर एका वयस्क बाईंनी हसून दार उघडलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. खोली हवेशीर होती, खिडकीतून देवळाचा कळस दिसत होता. बाईंनी विचारलं, मूळचे कुठले तुम्ही? महूचे, बाबा म्हणाले, आमचे वडील फौजेत होते. अरे वा, बाई म्हणाल्या, आणि आडनाव? खोब्रागडे, बाबांनी सांगितलं, एका दमात, छाती पुढे काढून. ते नेहमी तसंच सांगायचे. मग बाई गप्प झाल्या. हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त आतून कुणीतरी दिवा मालवला होता. "अहो, खरं म्हणजे कालच एकांना शब्द देऊन बसलोय." दोघं जिना उतरले. शेवटच्या पायरीवर बाबा म्हणाले, "साडेतीन सेकंद." एवढंच. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते, उभी हयात लोकांच्या लाइनी जोडण्यात गेलेली. लाइनवर माणूस काय बोलतो त्यापेक्षा कधी बोलत नाही ते ऐकावं, असं ते सांगायचे. लहानपणी जेवताना हा खेळच असायचा. कुणाचातरी फोन आला की बाबा रिसीव्हर ठेवून विचारायचे, कुठे थांबला रे तो? ज्ञानदीप बरोबर सांगायचा. मग बाबा आपल्या ताटातला पापडाचा तुकडा त्याला द्यायचे. असा तो कान. त्या कानावर आज त्याचं पोट चालत होतं.

आणि त्या जिन्यावरून परत कुणाला उतरावं लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. खोटं नाही, खरंच तेवढंच हवं होतं. माणसाने वर चढावं, पाणी प्यावं, खिडकीतला कळस बघावा, घर मनात मांडून घ्यावं, आणि मग तसं हसू बघावं, यापेक्षा ते घर त्याला दिसलंच नाही तर काय बिघडलं? त्याला वाटलं आपण अपमान पुसतोय. दारं पुसली गेली हे त्याला फार उशिरा कळलं. तसं म्हणायलाही अर्थ नाही, उशिरा कुठे, चार महिन्यांपूर्वी कळलं होतं. महूचं घर पायऱ्यांचं, आईला चढवेना. त्याची स्वतःची खोली तिसऱ्या मजल्यावर, विनालिफ्ट. बाबा म्हणाले, तुमच्या साइटवरच शोधू की. दलाल आडनाव विचारतो, मशीन थोडंच विचारतं? किती विश्वासाने म्हणाले होते! ज्ञानदीपने स्वतःच्या हाताने त्यांच्या मोबाइलवर नाव भरून दिलं, बाबूराव खोब्रागडे, आणि घरं आली सात. पाच बायपासच्या पलीकडे, जिथे अजून रस्ताही धड नव्हता, आणि दोन चौथ्या मजल्यावर, जिना चढून. त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर नाव न घालता त्याने तोच शोध केला तेव्हा एकशे बारा आली होती. बाबांनी चष्मा वर करून विचारलं होतं, "एवढ्या मोठ्या इंदूरमध्ये सातच?" आणि तो म्हणाला होता, "सध्या बाजार मंदा आहे, बाबा." बाबा त्याच्याकडे बघत राहिले होते. मग मोबाइल खिशात ठेवून आईला चहा करायला सांगितला होता.

त्याला आत्ता त्या बघण्याचा अर्थ लागला. पेंडसे हे नाव कुठून आलं तेही त्याच्या लक्षात आलं. पेंडसेसाहेब एक्स्चेंजमधले सुपरवायझर होते. त्यांच्या टेबलावर झाकण ठेवलेला पितळेचा तांब्या असायचा. सव्वीस वर्षं त्या खोलीत काम करून बाबांनी त्या तांब्याला कधी हात लावला नव्हता. कुणी लावू नको म्हटलं नव्हतं, तरी लावला नव्हता. शाळेत एकदा ज्ञानदीपने वहीवर नुसतं 'ज्ञानदीप बी.' लिहिलं होतं तर याच बाबांनी त्याच्या कानाखाली आवाज काढला होता. पूर्ण लिही, म्हणाले होते, आजोबांनी हे नाव छातीवर लावून फौजेत नोकरी केली. तोच माणूस परवा, शनिवारी, बायको लसूण कुटत असताना, आपल्या मुलाच्याच कंपनीला फोन करून पेंडसे झाला. ज्ञानदीपला ओरडावंसं वाटलं. कुणावर ओरडायचं तेवढं समजेना. पोहे गारठून त्यांच्यावरची शेव मऊ पडली होती.

"अहो ज्ञानदीप, चला ना, सगळे थांबून राहिलेत," देवयानी दारातून म्हणाली. ती त्याच्या हाताखाली काम करायची. बडा गणपतीकडचीच, तिच्या पणजोबांचा होळकरांच्या दफ्तरात कारकुनीचा हुद्दा होता म्हणे. मुलगी सालस होती. पहिल्या दिवशी तिनेही विचारलं होतं, खोब्रागडे म्हणजे नागपूरकडचे का? मग क्षणभर थांबून, अच्छा, अच्छा, म्हणाली होती, आणि त्यानंतर दोन वर्षांत तो विषय काढला नव्हता. संक्रांतीला तिळगूळ आणायची, डबा पुढे करायची. विक्रमला यातलं काही कळत नसे. त्याच्या लेखी इंदूरचे सगळे मराठी म्हणजे पंडितजी, पोहे आणि नाटक.

सहा कॉल झाले. सातवा लागला. मोठ्या स्पीकरवर बाबांचा आवाज शेडभर पसरला, पत्र्याला आपटून परत आला. ज्ञानदीप पायाखालच्या बोल्टकडे बघत राहिला. बाबूराव. ठक, ठक, ठक. पेंडसे. त्याला वाटलं, आता कुणीतरी विचारेल, खलबत्ता का थांबला? खलबत्ता कुणाला ऐकूच आला नव्हता. कॉल संपला. विक्रमने जलेबीचा हात पुसला. "हाँ भिया, बोलो. अंकल कहाँ अटके?"

"वय," कुणीतरी मागून म्हणालं. "बीवी की बीमारी," रुची म्हणाली, "बहुत अच्छे से बात कर रहे थे बेचारे."

"नाही," देवयानी म्हणाली. ती पुढे सरकून बसली होती, डोळे चमकत होते, गणित सुटलेल्या पोरीसारखे. "बीमारीचं ते घडाघडा बोलले. अटकले ते आडनावाच्या आधी. आपलं आडनाव काय कुणाला आठवावं लागतं का? आणि मराठी माणसाशी मी बोलली असती न, तर मूळ गाव विचारलं असतं अन् लगेच पकडलं असतं. हे पेंडसे नाहीत."

"अरे वाह!" विक्रमने टाळी वाजवली. "ज्ञानदीप, तेरी चेली तो तुझसे आगे निकल गई. तो क्या लगाएँ, नाम?"

रुचीचं बोट 'नाव'वर जाऊन थांबलं. त्याच्या होकाराशिवाय शिक्का बसत नसे. एक बोट दाबलं की बुधवारचे अकरा गेले, हॉस्पिटलच्या मागचा तळमजला गेला, आईचं महूहून येणंजाणं तसंच राहिलं. "बुज़ुर्ग हैं. साँस फूल रही है," तो म्हणाला. "उम्र लगा दो."

"श्वास नाहीये तो," देवयानी हसून म्हणाली, अगदी प्रेमाने. "श्वासाला रेघ हलते, खोट्याला सपाट राहते. तुम्हीच तर शिकवलंत."

आणि मग तो बोलून गेला. ठरवून नाही, ठरवून त्याला आजवर कधी काही बोलता आलं नव्हतं. "ते माझे वडील आहेत," तो म्हणाला, आणि विक्रमसाठी पुन्हा, "मेरे पिताजी हैं."

शेडमध्ये कुणी हललं नाही. त्याने सवयीने मोजलं. एक, दोन, तीन, चार. चारच्या पुढे रुचीच्या खुर्चीचा पाय कुरकुरला. देवयानीचा चेहरा लाल झाला, मग उतरला. तिला सगळं समजलं होतं, आणि आपल्याला समजलं हे त्यालाही समजलं, याची तिला लाज वाटत होती. विक्रम मात्र मोकळेपणाने उठला, येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट माणूस नव्हताच तो. "पागल है क्या? पहले बोलना था ना! अंकल तो अपने घर के हुए. विज़िट पक्की, मैं खुद फोन करवाता हूँ." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "और नाम का क्या है, पेंडसे ही रहने दे. चल रहा है तो चलने दे. क्या फ़र्क पड़ता है?"

"हो, राहू द्या ना," देवयानी खाली बघत म्हणाली. "काकूंना बरं नाही. आधी घर होऊन जाऊ द्या."

सगळे त्याच्या भल्याचंच बोलत होते. चांगुलपणा असा चारी बाजूंनी अंगावर आला की माणसाने कुठे पळावं! नाही म्हणावं तर आई. हो म्हणावं तर ती कानाखालची चपराक, ती वही, ते पूर्ण लिही. आणि या सगळ्यांच्या मागे भिंतीवर त्याचंच वाक्य विक्रमच्या हिंदीत. एवढ्या लोकांत उभं राहून हे मशीन बंद करा असं म्हणायला हवं होतं, ते शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलेही होते. मग त्याला आई दिसली, सुजलेल्या पावलांत चपला घालू बघणारी, बसच्या पायरीवर दांडा धरून उभी. "उम्र," तो रुचीला म्हणाला. तिने बटण दाबलं. आठवा कॉल लागला. एका बाईला दोन बाथरूम हवे होते आणि पूर्वेची खिडकी.

दुपारी बाबांचा फोन आला. तो शेडच्या मागे, गंजलेल्या पिंपांच्या सावलीत जाऊन उभा राहिला. ऊन मरणाचं होतं. "ज्ञानू," बाबा म्हणाले. आवाजात दबलेली खुशी होती, पोराने खिशात काहीतरी लपवून आणावं तशी. "हॉस्पिटलच्या मागे एक घर आहे, तळमजल्याचं. बुधवारी अकराला बघायला बोलावलंय. मघाशी तुमच्या मोठ्या साहेबांचा स्वतःचा फोन आला, फार अदबीने बोलले." मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू तर काही केलं नाहीस ना रे?"

नाही बाबा, असं त्याला म्हणायचं होतं. दोन शब्द होते. ते ओठांशी येऊन उभे राहिले आणि पुढे सरेनात. पलीकडे घरातला पंखा घरघरत होता. त्याला कळत होतं की वेळ जातोय, प्रत्येक सेकंदासरशी काहीतरी उघडं पडतंय, आणि लाइनीच्या त्या टोकाला मोजणारा माणूस त्याच्यापेक्षा जुना आहे. "नाही, बाबा," तो शेवटी म्हणाला.

बाबांनी हळूच सुस्कारा टाकला. "ऐकलंस तर," ते म्हणाले.

"हो."

"सगळ्यांनी?"

"हो, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. खुशी गेली होती, पण आवाज मोडला नव्हता. लाइन खराब असली तरी पुढचं गाव जोडून द्यायचंच, तसे ते बोलत राहिले. "बाजार मंदा आहे म्हणालास, तेव्हाच मला समजलं होतं. मग शेजारच्या मास्तरांच्या मोबाइलवर बघितलं, तिथं ढिगाने घरं. तुझ्यावर राग नाही. तुझ्या आईसाठी केलं मी हे. एकदा ती तिथं राहायला लागली की मग दारावर पाटी लावू, पूर्ण नावाची. मग बघू कोण काय करतं ते."

"मी येतो बुधवारी," ज्ञानदीप घाईने म्हणाला. "सुट्टी टाकतो. आईला मीच धरून आणतो, तुम्ही..."

"नको," बाबा म्हणाले. "तू येऊ नकोस. तिथं तुला नाव विचारतील. तुला खोटं बोलता येत नाही, आत्ताच ऐकलं मी."

त्याने गळ्यातलं कार्ड मुठीत धरलं. प्लास्टिक उन्हाने तापलं होतं. फोनमध्ये बाबा जरा लांब गेले, कुणाशीतरी हलक्या आवाजात बोलले, मग परत आले. "तुझ्या आईलाही दोन दिवस हे नाव पाठ करायला लावतोय. कुणी विचारलंच तर सांगता आलं पाहिजे ना. पण तिच्या तोंडात बसत नाही ते अजून. कौसल्यापाशी येते आणि थांबते."

मागे आई म्हणत होती. कौसल्या, ती म्हणाली. ज्ञानदीप उन्हात उभा राहून पुढच्या शब्दाची वाट बघत राहिला.